कुलाब्याची चुंबकसुई अलिबागला का गेली?

नातेपुत्याच्या शिवारात विहीर खणली की काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा हा थिजलेला लाव्हा. थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. नेमक्या याच गुणामुळे चुंबकीय वेधशाळेच्या भिंतीला हा दगड चालत नाही. म्हणून अलिबागची वेधशाळा पोरबंदरी दगडात बांधली आणि तिच्यात लोखंडाचा खिळाही वापरला नाही.

या वेधशाळेचे मूळ मुंबईत आहे. ईस्ट इंडिया कंपनीने 1826 साली कुलाब्यात वेधशाळा उभारली, ती वेळ आणि ताऱ्यांच्या वेधांसाठी. 1841मध्ये तिथे चुंबकीय मोजणी सुरू झाली आणि 1846पासून ती नियमित झाली. टांगलेल्या चुंबकाला आरसा जोडलेला असे. चुंबक किंचित वळला तरी आरशात दिसणारी मोजपट्टी सरके. दुर्बिणीतून पाहणारा निरीक्षक आकडा वहीत उतरवी. 2 सप्टेंबर 1859 रोजी प्रचंड सौर वादळ पृथ्वीवर आदळले, तेव्हाही हे वाचन चालू होते. आडवे क्षेत्र सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी घसरले होते. त्या वादळाची तीव्रता ठरवताना 2003 साली शास्त्रज्ञांनी याच नोंदींचा आधार घेतला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरले. त्यांच्या विद्युतप्रवाहाने मोजणी बिघडली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांनी आधीच पावले उचलली आणि अलिबागची जागा निवडली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली. त्यामुळे दोन ठिकाणांतला फरक कळला आणि जुनी नोंद नव्या नोंदीला नीट जोडता आली. विजेची ट्राम 1907 साली धावली, तोवर काम उरकले होते.

आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. फ्लक्सगेट यंत्र क्षेत्रातले चढउतार सतत टिपते, प्रोटॉन यंत्र एकूण तीव्रता देते, आणि दिशेचे कोन मात्र अजूनही माणूस चुंबकरहित थिओडोलाइटला डोळा लावून ठरावीक दिवशी मोजतो. पृथ्वीच्या गाभ्यातले बदल दशकांनी उमटतात. ते ओळखायला इतकी लांब, सलग नोंद लागते. म्हणून अलिबाग परिसरात रस्ता, लोहमार्ग किंवा कारखाना आखताना आधी या वेधशाळेचे म्हणणे ऐकले पाहिजे. मूस यांनी वेळीच दाखवलेली काळजी आता आपण दाखवायची आहे.