भूर्जाच्या खोडावरचा चहा

अलेक्झांडर सोल्झेनित्सिन यांची 'कॅन्सर वॉर्ड' ही कादंबरी १९६८ मध्ये सोव्हिएत संघाबाहेर प्रसिद्ध झाली. तिच्या अकराव्या प्रकरणात एक चहा येतो. कोस्तोग्लोतोव हा हद्दपार रुग्ण वॉर्डातल्या सोबत्यांना सांगतो की, मॉस्कोजवळच्या अलेक्सांद्रोव भागात मास्लेनिकोव नावाचे एक वृद्ध डॉक्टर आहेत. त्यांच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांत कर्करोग जवळपास आढळतच नाही. शोध घेता कळते, की ही माणसे चहा म्हणून 'चागा' उकळून पितात. चागा म्हणजे भूर्जवृक्षाच्या खोडावर वाढणारी अळंबी. तिला छत्री नसते; वरून कोळशासारखा काळा, भेगाळलेला आणि आतून तपकिरी असा तो एक गोळा असतो. (रशियन 'बिर्योझा' आणि आपला 'भूर्ज' हे शब्द एकाच मुळाचे. आपण त्या झाडाच्या सालीवर पोथ्या लिहिल्या.)

मरणाऱ्यांची भोळी आशा, असे म्हणून या प्रकरणातून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्यातला एक साधा तपशील अधिक मोलाचा वाटतो. ते शेतकरी औषध म्हणून चागा पीत नव्हते, चहाचे पैसे वाचवीत होते. रशियात चहा दीर्घकाळ चीनमधून, कयाख्ताच्या सरहद्दीवरून, खुष्कीच्या मार्गाने येई. खेड्यातल्या माणसाला तो परवडणे कठीण. झाडावरचा गोळा फुकट होता. सायबेरियातले खांती लोकही तो चहासारखाच पीत. म्हणजे ज्याला आपण 'लोकवैद्यक' म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा घरखर्चाचा हिशेब असतो, आणि सोल्झेनित्सिन यांनी तो पुसला नाही.

करण्याची रीत कष्टाची नाही, पण सवडीची आहे. सोव्हिएत वैद्यकातल्या पद्धतीनुसार वाळका, दगडासारखा तुकडा उकळून निववलेल्या पाण्यात चारेक तास भिजवायचा, किसायचा, एका भागास पाच भाग असे साधारण ५० अंशांचे पाणी घालून ४८ तास ठेवायचे, मग गाळायचे. घरोघरी मात्र सरळ उकळत. रंग कोऱ्या चहाहून गडद. चव मातकट, किंचित कडवट. दूधसाखरेच्या चहावर वाढलेल्या जिभेला तो चहा म्हणवणार नाही.

१९५५ मध्ये, म्हणजे कादंबरीचा काळ नेमका तोच, सोव्हिएत आरोग्यखात्याने चागाच्या अर्काला मान्यता दिली. पुढे सोल्झेनित्सिन यांचा कर्करोगच चागाने बरा झाला, अशी आख्यायिका पसरली आणि आज महागड्या पुड्या विकणारे ती आवर्जून सांगतात. ती खरी नाही. १९५४ मध्ये ताश्कंदच्या रुग्णालयात त्यांच्यावर क्ष-किरणांचे उपचार झाले होते. कादंबरीही चागाने कोणाला बरे करीत नाही. मास्लेनिकोवांचे निरीक्षण कुतूहलाचे होते, पुरावा नव्हे; चागाने माणसाचा कर्करोग बरा होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. उलट त्यात ऑक्झलेट भरपूर असते. यकृताचा कर्करोग असलेल्या एका ७२ वर्षांच्या जपानी स्त्रीने रोज चार-पाच चमचे चागाची पूड सहा महिने घेतली आणि तिची मूत्रपिंडे निकामी झाली. हा वृत्तान्त २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला. हौसेने कपभर चाखणे वेगळे, उपचार सोडून त्यावर विसंबणे वेगळे.

आता पुन्हा त्या वॉर्डात जाऊ. गोष्ट ऐकताच रुग्णांना डॉक्टरांचा पत्ता हवा असतो. ज्या अधिकारी रुसानोवला कोस्तोग्लोतोवचे तोंड पाहणे नको असते, त्यालाही. पण रुग्णालय मध्य आशियात, आणि तिथे भूर्ज नाहीत. कोणाला तरी रशियात पत्र लिहायचे, त्याने रानात जायचे, गोळे काढून, वाळवून धाडायचे. ज्यांचे तिकडे कोणी नाही, त्यांनी विकत घ्यायचे. आणि गोळा करणाऱ्यांनी तोवर किलोमागे भाव बांधलेला असतो.