चाकाचा फेरा आणि लोखंडाचें कांतकाम

बोरघाटाचा रस्ता १८३० सालीं गाड्यांना खुला झाला, आणि देशावरून कोंकणांत उतरणाऱ्या बैलगाड्यांचा ओघ पनवेलच्या बंदराकडे वळला. गाड्यांचीं चाकें करणें हा या गांवचा मुख्य धंदा, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटियरांत आढळते. देशावरचा गाडीवान परततांना पनवेलची एक जोडी घेऊन जाई.

त्या चाकांत एक साधें सत्य होतें. एका फेऱ्यांत तुंब्यावरील ठिपका थोडेंच अंतर तोडतो. धांवेवरील ठिपका मात्र कित्येक हात पुढें जातो. फेरा एकच, वेग निराळा. लोखंड कांतण्याचें गणित याच भेदावर उभें आहे.

लेथवर काम फिरतें आणि त्याच्या अंगावर टेकलेलें हत्यार कीस काढीत हळूहळू सरकतें. काम फार वेगानें फिरलें तर धार जळते. फार सावकाश फिरलें तर दिवस वायां जातो. योग्य वेग कोणता, हें पूर्वीं टर्नर कानानें व डोळ्यानें ओळखी. तें ज्ञान गुरूकडून शिष्याकडे जाई. कागदावर उतरत नसे.

तें कागदावर उतरविण्याचा ध्यास अमेरिकेंत फ्रेडरिक टेलर यानें घेतला. फिलाडेल्फियाच्या एका पोलादाच्या कारखान्यांत १८८० सालीं त्यानें प्रयोग आरंभिले, आणि २६ वर्षांनीं, १९०६ सालीं, त्यांचा निष्कर्ष इंजिनियरांच्या सभेपुढें ठेवला. या प्रयोगांत ८ लक्ष पौंडांहून अधिक लोखंड व पोलाद कीस होऊन पडलें. मध्यंतरीं त्यानें व व्हाइट या सहकाऱ्यानें, लाल तापलें तरी धार न सोडणारें हत्यारी पोलाद सिद्ध केलें; १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तें पाहून कारखानदार थक्क झाले. अशा हत्याराचा वेग एकदशांशानें वाढविला, तर धारेचें आयुष्य स्थूलमानानें निम्म्याहूनही कमी होतें, हें टेलरच्या नियमांतून निघतें. घाईची एवढी किंमत कोणीं कल्पिली असेल?

हिशेब मात्र शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. नरम पोलादाला मिनिटास २५ मीटर वेग धरला आणि कामाचा व्यास ५० मिलिमीटर असला, तर परीघ सुमारें १५७ मिलिमीटर. म्हणून मिनिटास सुमारें १६० फेरे. व्यास दुप्पट झाला कीं फेरे निम्मे, म्हणजे ८०. पहिल्या कामांत हत्यार दर फेऱ्यास पाव मिलिमीटर सरकलें, तर मिनिटांत ४० मिलिमीटर कांतून होतें, आणि २०० मिलिमीटरांस पांच मिनिटें लागतात.

परंतु याच पांच मिनिटांवरून तंटा माजला. जें ज्ञान कारागिराच्या मनगटांत होतें तें कचेरीच्या तक्त्यांत गेलें, आणि मागोमाग घड्याळ घेतलेला कारकून पाठीशीं उभा राहिला. १९११ सालीं वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रशाळेंत ओतकाम करणाऱ्यांनीं या घड्याळावरून काम बंद पाडलें. त्यांचें भांडण गणिताशीं नव्हतें. गणित कोणाच्या हातीं असावें, याविषयीं होतें.

महाराष्ट्रांत तेंच गणित शिकवणुकीच्या वाटेनेंही आलें. मुंबईस १८८७ सालीं व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तेथें शिकविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं पुढें १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४१ सालीं हरिहर येथें किर्लोस्करांचा यांत्रिक हत्यारांचा कारखाना उभा राहिला. ज्या देशांत लेथ परदेशांतून येत, तेथें लेथच घडूं लागले.

आज संगणकानें चालणारीं यंत्रें फेरे आपोआप बदलतात. तथापि वेगाचा आंकडा त्यांना माणूसच देतो, आणि चुकीच्या आंकड्यानें धार पूर्वींसारखीच जळते. आंकडा मालकाच्या तक्त्यांत राहिला तर तो कामगाराला चाबकासारखा भासतो. तोच कामगाराच्या डोक्यांत उतरला तर त्याच्या हातचें आणखी एक हत्यार होतो. पनवेलच्या सुताराचें ज्ञान त्याच्यापाशींच होतें. गणिताच्या युगांतही कारागिराला तो मान हवा असेल, तर त्याला नुसतें यंत्र देऊन भागणार नाहीं. हिशेबही शिकविला पाहिजे.