भाडेपावती कोणाच्या नावाची?



स्मरणिकेसाठी "काहीतरी इतिहासाचे लिहा" असे आपल्या संपादिकाबाईंनी मला सांगितले, तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय लिहिणार? पण ज्या दहा बाय बाराच्या खोलीत माझा संसार झाला, तिलाही इतिहास आहे असे माझ्या मनात आले. तो वाचून, विचारून जसा समजला तसा सांगते.

"मुंबईत रोटला मिळतो, पण ओटला मिळत नाही," ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. १८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि कोकणातून, घाटावरून माणसे येऊ लागली. एकेका गाळ्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा पुरुष राहात. एक पाळीवर गेला की त्याच्या जागी दुसरा झोपे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. बायकामुले गावी. १९२१ च्या शिरगणतीत या शहरात दोन पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. याचे एक मोठे कारण हेच, की कुटुंब आणायला जागाच नव्हती.

१८९६ साली प्लेग आला. अंधाऱ्या, कोंदट घरांत माणसे पटापट मेली, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. १८९८ साली 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' निघाला. त्याने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या. पण सुरुवातीच्या काळात जेवढ्यांची घरे पाडली, तेवढ्यांना नवी मिळाली नाहीत. निघालेली माणसे शेजारच्या चाळींतच शिरली आणि तिथली दाटी वाढली.

पुढे १९२० साली डेव्हलपमेंट खाते आले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी आणि सुमारे सोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. याच आपल्या बी.डी.डी. चाळी. भाडे न परवडल्यामुळे आणि जागा आडबाजूला वाटल्यामुळे आरंभी त्यांतल्या कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, हे आज कोणाला खरे वाटणार नाही!

आता आपल्या घरातल्या गोष्टीकडे वळते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, भाडेवाढीला आळा घालणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा कायदा झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, साधारणपणे तेच कायम धरले गेले. घरमालकाला मनास येईल तेव्हा भाडे वाढवता येईना, की भाडेकरूला काढता येईना. ज्याच्याकडे खोली होती त्याला मोठाच आधार झाला. पण फाळणीनंतर निर्वासितही आले, गावाकडची माणसे येतच होती. नव्याने येणाऱ्याने काय करावे? भाडे वाढेना म्हणून मालक पागडी मागू लागले. पागडी घेणे कायद्याने गुन्हा होता, पण घेत सगळेच. तिची पावती मात्र कोणी देत नसे.

आमची लालबागची खोली अशीच १९५३ साली घेतली. भाडे महिना साडेनऊ रुपये, पागडी सातशे. ती रक्कम उभी करायला माझ्या आजेसासूबाईंनी माहेरच्या पाटल्या मोडल्या. भाडेपावती अर्थातच आजेसासऱ्यांच्या नावाने झाली. घरात त्यांचे धाकटे भाऊ आणि त्यांची पत्नीही राहात.

१९७१ साली आजेसासरे वारले. कायदा असा, की भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयांपैकी एकाच्या नावे खोली व्हावी. आपसात एकमत झाले नाही तर कोर्टाने ठरवावे. विधवेचेच नाव लागेल असे नाही. दीर म्हणाले, "वहिनी, बाईमाणसाने कचेरीच्या खेपा कशाला घालायच्या? पावती माझ्या नावे होऊ द्या." मेहताजी कागद घेऊन आले. आजेसासूबाईंनी अंगठा उठवला नाही. दोन महिने घरात अबोला होता. शेवटी त्यांच्या धाकट्या जाऊबाईच नवऱ्याला म्हणाल्या, "या खोलीत जाऊबाईंच्या पाटल्या गेल्या आहेत. पावती त्यांचीच." दीर गप्प झाले आणि सही केली. पुढे सर्वांच्या संमतीने ती पावती माझ्या सासूबाईंच्या नावे झाली.

पण गोठलेल्या भाड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या भाड्यात मालक दुरुस्ती करीनात. जुन्या इमारती कोसळू लागल्या, म्हणून १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. १९७३ साली कायद्यात बदल होऊन, १ फेब्रुवारी १९७३ ला जे 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहात होते त्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. त्यांचे भले झाले. पण मालकांनी धसका घेतला आणि पुढे अकरा महिन्यांच्या कराराची रीत पडली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत हवा असे ठरवले. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे, हे ध्यानात ठेवा.

गेल्या वर्षी माझी भाची भाड्याची जागा शोधत होती. मी बरोबर हिंडले. कुठे अनामत झेपेना, कुठे दलालाची दलाली, कुठे "मुले किती?" म्हणून चौकशी. अखेर कांजूरमार्गला जागा मिळाली. अनामत भरली तिच्या पगारातून आणि तिची सोन्याची साखळी गहाण ठेवून. करार वाचला, तर नाव फक्त जावईबापूंचे! मला पाटल्या आठवल्या. मी म्हटले, "जावईबापू, रागावू नका, पण हिचेही नाव घाला." ते भले गृहस्थ. "मामी, माझ्या लक्षातच आले नाही," म्हणाले आणि दोघांच्या नावाने करार झाला.

लक्षात न येणे, हेच तर आहे! वाईट हेतू कोणाचाच नसतो. दीरही वाईट नव्हते. पण घर मिळवताना बाईचे सोने सर्वांना आठवते आणि कागद करताना तिचे नाव कोणालाच आठवत नाही.

म्हणून भगिनींनो, एवढेच करा. आज घरी गेल्यावर भाडेपावती किंवा करार काढून वाचा. नाव कोणाचे आहे ते पाहा. पुढच्या कराराच्या वेळी आपले नाव घालायला सांगा. वाचता येत नसेल, तर मंगळवारी मंडळात घेऊन या. आपण मिळून वाचू.