तबकडीवरील नांव

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मी ज्या इतिहासाविषयीं बोलणार आहें, त्याचीं कागदपत्रें मात्र दहा इंच व्यासाचीं, काळीं, वाटोळीं आणि हातांतून निसटलीं तर फुटून जाणारीं अशीं आहेत. लाखेपासून केलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या हींच तीं कागदपत्रें. एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें आणि मधोमध एक कागदी वर्तुळ. त्या वर्तुळावर कोणाचें नांव छापावयाचें आणि कोणाचें गाळावयाचें हें कंपनी ठरवी. तें नांव जपावें कीं विसरून जावें हें ऐकणाऱ्यांच्या हातीं होतें. चित्रपटांतील एका संगीत-दिग्दर्शकावर लोकांनीं केलेल्या प्रेमाची ही हकीकत आहे. हा संगीत-दिग्दर्शक म्हणजे सी. रामचंद्र.

नाटकाच्या काळीं चाहत्याचें काम सोपें होतें. बालगंधर्वांनीं पद म्हटलें आणि तें मनास भिडलें, कीं प्रेक्षागृहांतून 'वन्स मोअर' उठे व गाणाऱ्यास तो तेथल्या तेथें ऐकूं येई. १९३२ सालीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटास गोविंदराव टेंब्यांनीं संगीत दिलें आणि मराठी प्रेक्षकाचा हा जुना व्यवहार बदलूं लागला. पडद्यावरच्या छायेला 'वन्स मोअर' देऊन काय उपयोग? पुढें पार्श्वगायन रूढ झालें तेव्हां तर टाळी नेमकी कोणासाठीं वाजवावयाची हाच प्रश्न पडला. ओठ हालविणारी नटी एक, गळा दुसरीचा, आणि चाल बांधणारा तर कोठेंच दिसत नाहीं! १९४९ सालच्या 'महल'च्या तबकडीवर गायिकेच्या जागीं चित्रपटांतील पात्राचें, म्हणजे 'कामिनी'चें, नांव छापलेलें होतें. गाणें नभोवाणीवरून वाजूं लागल्यावर ही गाणारी कोण अशी विचारणा लोकांनींच सुरू केली, तेव्हां कोठें लता मंगेशकर हें नांव पुढें आलें. चाहत्यांच्या चळवळीचा आरंभ दाखवावयाचा झाल्यास मी या साध्या प्रश्नाकडे बोट दाखवीन.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ चा, गोदाकांठच्या पुणतांब्याचा. चांगदेवांच्या समाधीचें गांव तें हेंच. नागपुरास शंकरराव सप्रे आणि पुण्यास विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांचें संगीताचें शिक्षण झालें. मनांत मात्र नट व्हावयाचें होतें. 'नागानंद' नांवाच्या १९३५ सालच्या बोलपटांत त्यांनीं नायकाची भूमिका केलीहि. ती चालली नाहीं, आणि मिनर्व्हा मूव्हिटोनमध्यें हार्मोनियमची साथ करण्याची पाळी आली. (जातां जातां सांगावयास हरकत नाहीं: याच हार्मोनियमला १९४० पासून १९७१ पर्यंत सरकारी नभोवाणीवर बंदी होती.) स्वतंत्रपणें संगीत देण्याची पहिली संधि त्यांस मिळाली ती तामीळ चित्रपटांत. हिंदींत त्यांना हात दिला तो भगवान पालव या मित्रानें, 'सुखी जीवन' या १९४२ सालच्या चित्रपटापासून.

आणि येथूनच चाहत्यांची पंचाईत सुरू होते! हा गृहस्थ कधीं राम चितळकर, कधीं अण्णासाहेब, कधीं श्यामू, तर कधीं सी. रामचंद्र. गाण्यास उभा राहिला कीं नुसता चितळकर. पहिली कांहीं वर्षें तरी, एकाच माणसाचीं हीं सारीं नांवें आहेत हें सामान्य श्रोत्यास ठाऊक असण्याचें कारणच नव्हतें. तबकड्या शेजारीं शेजारीं मांडून, आवाज ताडून, चालींतल्या लकबी ओळखून ज्यांनीं हा धागा जुळविला ते कोणी विद्यापीठाचे पंडित नव्हते. कचेऱ्यांतले कारकून, शाळामास्तर, दुकानदार अशींच हीं माणसें होतीं.

त्या लकबी तरी कोणत्या? 'शहनाई' (१९४७) या चित्रपटांत रविवारीं भेटावयास बोलावणारें एक खट्याळ गीत आहे. 'पतंगा' (१९४९) मध्यें रंगूनला गेलेल्या नवऱ्याच्या टेलिफोनचें. ज्या कानांनीं तोंवर तबला, सारंगी आणि हार्मोनियम हीच चित्रपटाची साथ मानली होती, त्यांच्यावर एकाएकीं ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि गिटार येऊन आदळलीं. हीं वाद्यें वाजविणारे पुष्कळसे गोव्याचे. गोमंतकांतील चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले, मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत रात्रीं नाच वाजविणारे आणि दिवसा ध्वनिमुद्रणास येणारे. त्यांतील एक, हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, 'चिक चॉकलेट' या नांवानें प्रसिद्ध. चितळकरांचे ते साहाय्यक होते, आणि 'अलबेला' (१९५१) मध्यें आपल्या ताफ्यासह पडद्यावरहि दिसतात. त्यांच्या सहकाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें तबकडीवर कधींच आलीं नाहींत. चाहत्यांनीं चितळकरांचें नांव शोधलें, पण या गोमंतकीयांकडे त्यांचें लक्ष जावयास आणखी कित्येक वर्षें लागलीं, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

'अलबेला'ची गोष्ट तर कोणत्याहि मराठी घरांत सांगावी लागूं नये. नायक भगवान, बेताच्या उंचीचा, स्थूल, गिरणगांवांतला. तो नाचूं लागला कीं प्रेक्षक जागेवरून उठत, पडद्यावर नाणीं उधळीत, अशा आठवणी सांगितल्या जातात. चित्रपटगृहाबाहेर हें संगीत प्रथम कोणीं साजरें केलें असेल तर तें वरातीच्या बँडवाल्यांनीं. त्यांना कोणाचा परवाना लागला नाहीं कीं स्वरलिपि लागली नाहीं. नाकें मुरडणारेहि होतेच. चितळकरांनीं पाश्चात्त्य उसनवारी आणली, संगीताला थिल्लर केलें, असा बोल लावला गेला. माझें मत विचाराल तर, त्याच 'अलबेला'मध्यें एक अंगाई आहे. ती ऐकून मग हा आरोप पुन्हां करून पाहावा.

आतां अशा प्रकरणाकडे येतों, जें नभोवाणीवरूनच सांगावयास थोडा संकोच वाटतो. १९५२ सालीं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्र सरकारचे माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी घरांतले, अभिजात संगीताचे अभिमानी. चित्रपटगीतांनीं लोकांची अभिरुचि बिघडत आहे असें त्यांचें ठाम मत होतें. सरकारी केंद्रांवरून या गीतांचा वेळ कमी करण्यांत आला. चित्रपटाचें नांव सांगणें म्हणजे जाहिरात, म्हणून तेंहि बंद झालें. निर्माते चिडले, त्यांनीं आपली परवानगी काढून घेतली, आणि कांहीं काळ चित्रपटगीत आपल्या देशाच्या नभोवाणीवरून जवळजवळ नाहींसेंच झालें. केसकरांवर नुसता राग धरणें अन्यायाचें होईल. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच १९५२ सालीं सुरू झाला, आणि संस्थानें विलीन झाल्यावर निराधार झालेल्या कितीतरी गवयांना नभोवाणीनें आधार दिला. पण ज्या घरांत हा प्रकार चालला होता त्या घरांतील यंत्राला एक कांटा असतो, आणि तो फिरवितां येतो, इकडे मंत्रिमहोदयांचें लक्ष गेलें नसावें.

कांटा फिरला तो सिलोनकडे. दुसऱ्या महायुद्धांत दोस्त सैन्यासाठीं तेथें उभारलेलें प्रबळ लघुलहरी केंद्र युद्धानंतर सिलोन सरकारकडे आलें होतें. ३ डिसेंबर १९५२ पासून त्यावरून 'बिनाका गीतमाला' ऐकूं येऊं लागली. अमीन सयानी यांचें निवेदन मुंबईंत मुद्रित व्हावयाचें, विमानानें कोलंबोस जावयाचें, आणि तेथून समुद्र ओलांडून पुन्हां मुंबईच्याच दिवाणखान्यांत उतरावयाचें! बुधवारीं रात्रीं आठ वाजतां शेजारच्या घरचाहि आवाज आपल्या घरच्या आवाजांत मिसळे. परवान्याचे पैसे भारत सरकारास भरावयाचे आणि गाणीं सिलोनचीं ऐकावयाचीं, असा हा संसार होता.

या काळांत चाहत्याला प्रथमच टाळी वाजविण्याचें साधन मिळालें; तें म्हणजे टपालाचें कार्ड. गांवोगांवीं श्रोत्यांचीं मंडळें निघालीं. अभ्रकाच्या खाणींमुळें थोडेंफार ठाऊक असलेलें झुमरी तिलैया (तेव्हां तें बिहारांत होतें, आतां झारखंडांत आहे) केवळ फर्माईशींच्या पत्रांमुळें देशभर प्रसिद्धीस आलें. लोकांनीं त्याची थट्टा पुष्कळ केली. मला त्या गांवाचा हेवा वाटतो. आणि योगायोग असा, कीं सरकारला ज्या गोडव्याची आणि भारतीयपणाची उणीव चित्रपटसंगीतांत वाटत होती, तो घेऊनच 'अनारकली' १९५३ सालीं आली. ट्रंपेटवाल्या चितळकरांनींच ती संगीतबद्ध केली होती. गीतमालेच्या त्या सालच्या गीतांत 'अनारकली'तलें गीत अग्रस्थानीं असल्याची नोंद आहे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं 'विविधभारती' सुरू झाली, आणि श्रोत्यांनीं कार्डांवरून लढविलेला हा लढा एका परीनें निकालांत निघाला.

पुढचा भाग गाजावाजाचा नाहीं, पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो. गीतें लोकप्रिय असणें निराळें आणि टिकणें निराळें. जुन्या चित्रपटांच्या फिती ज्वालाग्राही. कित्येक जळाल्या, कित्येक त्यांतील चांदीसाठीं विकल्या गेल्या. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. पहिला हिंदी बोलपट 'आलम आरा' (१९३१) आज कोठेंच उपलब्ध नाहीं. १९७० च्या सुमारास ७८ फेऱ्यांच्या तबकड्या येथें निघेनाशा झाल्या. कंपन्यांनीं नव्या तबकड्यांवर खपतील तेवढीं गाणीं पुन्हां काढलीं. मग जीं खपणारीं नव्हतीं, पण सुंदर होतीं, त्यांचें काय?

तीं मुंबईच्या चोरबाजारांत आणि पुण्याच्या जुन्या बाजारांत, रद्दी आणि फुटक्या कंदिलांच्या संगतींत पडलीं होतीं, आणि सुटीच्या सकाळीं जाऊन तीं उचलणारीं माणसें होतीं. माझ्या परिचयाचे एक निवृत्त गृहस्थ अशा तबकड्या घरीं आणून कोमट पाण्यानें पुसतात, एकदां वाजवितात, आणि लांबरुंद वहींत तिचा क्रमांक, गायक, गीतकार, संगीतकार टिपून ठेवतात. 'राम चितळकर' असें छापलेली एक जुनी तबकडी त्यांना मिळाली त्या दिवशीं घरांत पेढे वांटले गेले; घरच्यांना कारण फारसें कळलें नाहीं, पेढे मात्र त्यांनीं खाल्ले. अशाच वह्यांच्या वळणानें, पण अतिप्रचंड प्रमाणावर, कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनीं 'हिंदी फिल्म गीत कोश' रचला. १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० सालीं निघाला, आणि पुढें इतर दशकांचे. देशभरच्या शौकिनांनीं आपापल्या जवळच्या याद्या त्यांस पुरविल्या. मुंबईंत १९९० सालीं तबकडी-संग्राहकांची संस्था निघाली. सगळे संग्राहक कांहीं उदार नव्हते. कुलुपांत ठेवून कोणास ऐकूंहि न देणारे मीं पाहिले आहेत, आणि अमुक एका गायिकेचींच गाणीं खरीं मानून बाकीच्यांना तुच्छ लेखणारेहि. तरी कपाटांत राहिलें तेवढें वांचलें.

२७ जानेवारी १९६३ रोजीं दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, चीनशीं झालेल्या युद्धांतील हुतात्म्यांस उद्देशून कवि प्रदीप यांनीं लिहिलेलें गीत लताबाईंनीं गायिलें. पंडित नेहरू समोर होते. तें गीत आज शाळकरी मुलांसहि पाठ असतें. त्याची चाल कोणाची, असें विचारून पाहा. पुष्कळदां लताबाईंचें नांव येतें, क्वचित् प्रदीपांचें, चितळकरांचें फार थोड्यांच्या तोंडीं. त्यांनीं 'माझ्या जीवनाची सरगम' हें आत्मचरित्र १९७७ सालीं प्रसिद्ध केलें, आणि ५ जानेवारी १९८२ रोजीं ते वारले.

२०१८ सालीं त्यांची जन्मशताब्दी झाली. अशा प्रसंगींच्या बैठकींत कोणीतरी 'अलबेला'तील त्या अंगाईची मूळ तबकडी आणतोच. ती फिरूं लागण्यापूर्वीं हातोहात पाहिली जाते. गाणारीं, लता मंगेशकर आणि चितळकर, संगीत, सी. रामचंद्र. मग मागच्या रांगेंतून कोणी नवखा हळूच विचारतो, "हे चितळकर कोण हो?" आणि खोलींतले सर्व पिकले केस एकदम त्याच्याकडे वळतात. सांगावयास प्रत्येकजण आतुर असतो.