मुक्तिबोध, शरच्चंद्र माधव
मराठी नवकाव्याच्या काळातील मार्क्सवादी कवी, कादंबरीकार व समीक्षक. जन्म १९२१, हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांचे धाकटे बंधू. नागपुरात मराठीचे अध्यापन करणाऱ्या मुक्तिबोधांनी, मनुष्याची जाणीव भौतिक परिस्थितीतून व वर्गसंबंधांतून घडते हे ऐतिहासिक भौतिकवादाचे सूत्र स्वीकारूनही, वाङ्मय ही एखाद्या वर्गाच्या हिताची केवळ कैफियत नव्हे, तर ‘मानुषता’ हाच त्याच्या मूल्याचा आधार होय, असे प्रतिपादन केले. ‘नवी मळवाट’ (१९४९) हा त्यांचा काव्यसंग्रह; ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ व ‘जन हे वोळतु जेथे’ या कादंबरीत्रयीत मध्यमवर्गीय बिशूचा आत्मशोध चित्रित झाला आहे. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथास १९७९ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला.