संहितेपासून प्रयोगापर्यंत
इंग्रजीत लिहिणाऱ्या स्त्री-नाटककारांसाठी सुसान स्मिथ ब्लॅकबर्न पारितोषिक १९७८ मध्येच सुरू झाले. परंतु गौरव झालेल्या संहितेचा प्रयोग होतोच असे नाही. बफेलो येथील १९८८ च्या परिषदेतून उदयास आलेल्या ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर विमेन प्लेराइट्स’ने २०१२ मध्ये ‘फिफ्टी-फिफ्टी अ‍ॅप्लॉज’ हा सन्मान सुरू केला, तो लेखिकांसाठी नव्हे, तर त्यांची नाटके रंगभूमीवर आणणाऱ्या नाट्यसंस्थांसाठी. निकष निव्वळ हिशेबाचा: हंगामातील निदान निम्मी नाटके स्त्रियांची असावीत. गुणवत्ता सोडून ही मोजदाद कशासाठी, असा आक्षेप आम्हां समीक्षकांना चटकन सुचतो. मात्र २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत, पाहणी केलेल्या अमेरिकन नाट्यगृहांत स्त्रियांच्या नाटकांचे प्रमाण अवघे २२ टक्के आढळले. आणि तेथील निवडही गुणवत्तेच्याच नावाने होत आली होती.