अर्धवाहक

ज्या पदार्थाची विद्युतवाहकता तांब्यासारख्या सुवाहकापेक्षा कमी, परंतु काचेसारख्या दुर्वाहकापेक्षा अधिक असते, त्यास अर्धवाहक किंवा अर्धसंवाहक असे म्हणतात. सिलिकॉन व जर्मेनियम ही मूलद्रव्ये आणि गॅलियम आर्सेनाइड हे संयुग ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. संगणक, भ्रमणध्वनी, सौरघट, एलईडी दिवे इत्यादी साधने अर्धवाहकांवर आधारलेली आहेत.

गुणधर्म

तापमान वाढले असता धातूंचा विद्युतरोध वाढतो. शुद्ध अर्धवाहकांचा मात्र घटतो. सिलिकॉनच्या अणूच्या बाह्यतम कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात व ते शेजारच्या अणूंशी झालेल्या बंधांत गुंतलेले असतात. त्यामुळे शुद्ध सिलिकॉनमधून वीज फारच थोडी वाहते. त्यात ५ बाह्य इलेक्ट्रॉन असलेला फॉस्फरस अत्यल्प प्रमाणात मिसळल्यास एक इलेक्ट्रॉन मोकळा राहतो. हा एन-प्रकारचा अर्धवाहक होय. ३ बाह्य इलेक्ट्रॉन असलेला बोरॉन मिसळल्यास इलेक्ट्रॉनची जागा रिक्त राहून पी-प्रकारचा अर्धवाहक तयार होतो. हे दोन प्रकार जोडून डायोड बनतो. तो विद्युतप्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहू देतो.

इतिहास

तापमानासोबत विद्युतरोध घटण्याचा गुणधर्म मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला. जगदीशचंद्र बोस यांना गॅलेना स्फटिकाच्या शोधकासाठी १९०४ साली अमेरिकेचे पेटंट मिळाले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर तयार केला. या कार्याबद्दल त्यांना व विल्यम शॉकली यांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९५८ साली जॅक किल्बी यांनी एकात्मिक परिपथ, म्हणजेच चिप, प्रत्यक्षात आणली. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते; आजच्या चिपवर ती संख्या अब्जावधी असते.

निर्मिती

वाळूतील सिलिकापासून मिळवलेले सिलिकॉन ९९.९९९९९९९ टक्के किंवा त्याहूनही अधिक शुद्ध केले जाते. त्याच्या स्फटिकदंडापासून पातळ चकत्या कापतात. मोठ्या कारखान्यांत ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या वापरल्या जातात. त्यांवर प्रकाशाच्या साहाय्याने परिपथाचे आराखडे उमटवले जातात. धुळीचा सूक्ष्म कणही चिप निकामी करू शकतो; म्हणून हे काम धूळमुक्त दालनांत चालते.

औद्योगिक महत्त्व

चिपचा आराखडा, यंत्रसामग्री व उत्पादन ही कामे निरनिराळ्या देशांत विभागलेली आहेत. सर्वांत प्रगत चिपचे उत्पादन बव्हंशी तैवानमध्ये होते, तर त्यांसाठी लागणारी अतितीव्र अतिनील किरणांची यंत्रे केवळ नेदरलँड्समधील एएसएमएल ही कंपनी बनवते. अशा केंद्रीकरणामुळे एका ठिकाणच्या अडथळ्याचे परिणाम सर्व जगाला भोगावे लागू शकतात. २०२० नंतरच्या तुटवड्यात चिपअभावी अनेक देशांतील मोटार कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले.

भारतात मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८० च्या दशकात चिपनिर्मिती सुरू झाली; परंतु १९८९ च्या आगीत तेथील कारखान्याची मोठी हानी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातमधील धोलेरा येथे टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या चिपनिर्मिती प्रकल्पास २०२४ साली मान्यता मिळाली.